सर आयझॅक पिटमन

इंग्लंडच्या नकाशावरील नावे वर्गात मोठ्याने वाचण्याचा प्रसंग आला म्हणजे हुशारात हुशार विद्यार्थ्याचीही फजिती होते. अक्षरे तर समोर स्वच्छ छापलेली असतात. ती एकापुढे एक जोडीत तो ग्लाउसेस्टर, वॉर्सेस्टर, लाइसेस्टर असे मोठ्या आत्मविश्वासाने वाचून जातो, आणि मग त्याला कळते की, तेथील रहिवासी आपल्या गावांना ग्लॉस्टर, वुस्टर आणि लेस्टर म्हणतात. ग्रीनविच म्हणावे तो ते ग्रेनिच निघते. वॉरविकचे वॉरिक होते. साउथवार्क सदर्क ठरते. आणि लंडनची जगप्रसिद्ध नदी 'थ' असलासा दिसूनही टेम्सच राहते.

यात विद्यार्थ्याचा दोष काडीइतकाही नाही. देवनागरीत वाढलेल्या मुलाची स्वाभाविक समजूत अशी असते की, अक्षर म्हणजे उच्चाराचे चित्र. इंग्रजीत ते पुष्कळदा उच्चाराची समाधी असते. जो ध्वनी कधीकाळी जिवंत होता आणि आता नाही, त्याच्या जागी अक्षराचा दगड उभा आहे. ग्लॉस्टर, वुस्टर, लेस्टर या तिन्ही नावांचे शेपूट मुळात रोमन लोकांच्या छावणीचे आहे. छावणीला लॅटिनमध्ये कास्त्रा म्हणत. त्यापासून जुन्या इंग्रजीत चेस्टरसारखा शब्द झाला. मँचेस्टर, विंचेस्टर येथे तो अजून पुरा उच्चारला जातो. लँकास्टरकडे त्याचे कास्टर झाले. पण या तीन गावी शेकडो वर्षांच्या रोजच्या वापराने नाव मधल्यामध्ये झिजून गेले. लिहिणाऱ्याने मात्र जुनी अक्षरे तशीच ठेविली. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तेव्हापासून हळूहळू अक्षरे जागच्या जागी घट्ट बसू लागली. आणि नेमक्या त्याच शतकांत इंग्रजी माणसाचे स्वर आपल्या जागा सोडून सरकत होते. त्यात विद्वानांनी आणखी भर घातली. टेम्समधील 'एच' कोणी कधी उच्चारला नव्हता. ग्रीक शब्दांची ऐट आणण्याकरिता तो मागाहून घुसविण्यात आला.

हा गोंधळ इंग्रजांना स्वतःला कळत नव्हता असे नाही. पुष्कळांना तो कळत होता. काहींना तो हास्यास्पद वाटे, काहींना आपल्या पुरातनपणाचा दाखला म्हणून प्रियही वाटे. परंतु एका शाळामास्तराला तो असह्य झाला, आणि त्याने त्यापायी सारे आयुष्य वेचले. तो शाळामास्तर म्हणजे सर आयझॅक पिटमन. आपल्याकडे हे नाव शॉर्टहँडच्या क्लासाच्या पाटीवरून घरोघरी माहीत झालेले आहे. त्या पाटीमागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि त्याला मुळात काय हवे होते हे तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आयझॅकचा जन्म ४ जानेवारी १८१३ रोजी विल्टशर परगण्यातील ट्रोब्रिज या गावी झाला. गाव लोकरीच्या कापडाचे. वडील सॅम्युअल पिटमन हे तेथील एका कापडाच्या कारखान्यात देखरेखीचे काम करीत. घरात अकरा भावंडे. राहणी साधी, शिस्त कडक, धर्माचे वातावरण. आयझॅकची प्रकृती नाजूक होती. कोंदट वर्गात त्याला घेरी येई, आणि त्या कारणाने बाराव्या-तेराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. पुढे तो कारखान्याच्या कचेरीत कारकून म्हणून बसू लागला. दिवसभर हिशेबाच्या वह्या, आणि सकाळ-संध्याकाळ मिळेल तेवढ्या वेळात वाचन.

याच वाचनाने त्याच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी केली. आयझॅक जे शब्द शिकत होता ते डोळ्यांनी शिकत होता, कानांनी नव्हे. त्याच्या भोवतालच्या विणकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या बोलण्यात ते शब्द कधी येतच नसत. पुस्तकात भेटलेला शब्द संभाषणात वापरावा, तर तो चुकीचा उच्चारला जाण्याची भीती. कारण इंग्रजी अक्षरांवरून उच्चार सिद्ध होत नाही. श्रीमंतांच्या मुलांना हे शब्द घरीच ऐकावयास मिळत. गरिबाच्या मुलाला ते केवळ छापील दिसत, आणि त्याने तोंड उघडताच त्याचे घर कोणत्या आळीत आहे ते ऐकणाऱ्याला कळे. आमच्या मते पिटमन यांच्या पुढील सर्व खटाटोपाचे मूळ येथे आहे. ज्याला अक्षरांनी असे फसविले, त्याला अक्षरांचा राग येणे साहजिक होते.

या अडचणीवर त्याने योजिलेला उपाय वाचून आजच्या विद्यार्थ्याला घामच फुटेल. जॉन वॉकर नावाच्या पंडिताचा उच्चारकोश १७९१ साली प्रसिद्ध झालेला होता. त्यात प्रत्येक स्वरावर बारीक आकडे घालून त्याचा उच्चार कसा करावा हे दाखविलेले असे. आयझॅकने तो कोश पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत वाचून काढला, आणि आपण जे शब्द चुकीचे उच्चारीत होतो किंवा चुकीचे लिहीत होतो ते सारे निवडून वहीत उतरवून घेतले. अशा शब्दांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्याच सुमारास सॅम्युअल टेलर याने तयार केलेली लघुलिपीही त्याने स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. एकीकडे उच्चार शिकण्यासाठी कोशाची पारायणे, दुसरीकडे थोडक्यात लिहिण्याची कला; हे दोन प्रवाह पुढे एकत्र मिळावयाचे होते.

१८३१ साली वडिलांनी त्याला अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला पाठविले. ही शिक्षणसंस्था बरो रोडवर होती, आणि बरो रोड आहे सदर्क या भागात. या दोन्ही नावांतील अक्षरे मोजू लागलो तर उच्चारात न येणारीच पुष्कळ भरतील. बरो या शब्दाच्या शेवटी जी चार अक्षरे येतात, तीच चार दुसऱ्या एका शब्दात 'ऊ'सारखी, तिसऱ्यात 'ऑफ'सारखी आणि चौथ्यात 'ओ'सारखी उच्चारली जातात. पाच महिन्यांत शिक्षण उरकून तरुण पिटमन शाळामास्तर झाला. प्रथम उत्तरेकडील बार्टन येथे, आणि १८३६ पासून ग्लॉस्टर परगण्यातील वॉटन-अंडर-एज येथे. या गावालाही लिहिताना ओ आणि बोलताना वुटन असा मान मिळतो. मधल्या काळात, १८३५ साली, मेरी होलगेट या त्यांच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या विधवेशी त्यांचा विवाह झाला होता.

वॉटन येथे त्यांच्यावर पहिले मोठे संकट कोसळले. स्वीडनचा तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग याच्या शिकवणुकीचा त्यांच्या मनावर प्रभाव पडला आणि त्याच्या अनुयायांच्या पंथात ते सामील झाले. शाळेच्या चालकांना हे मानवले नाही. त्यांनी पिटमन यांना नोकरीवरून दूर केले. पिटमन यांनी मत सोडले नाही आणि गावही सोडले नाही. त्याच गावात त्यांनी स्वतःची शाळा काढली. याच काळात त्यांनी मांसाहार वर्ज्य केला. मद्यपान ते करीतच नसत. हा नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळला, व आपल्या दीर्घायुष्याचे श्रेय ते त्यालाच देत. त्यांची सगळीच मते अशी मानण्याजोगी होती असे मात्र नाही. देवीची लस टोचण्यासही त्यांचा विरोध असे. त्या बाबतीत काळाने त्यांना चूक ठरविले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपल्या विद्यार्थ्यांना टेलरची लघुलिपी स्वस्तात शिकता यावी म्हणून पिटमन यांनी एक छोटे पुस्तक तयार केले आणि ते लंडनचे प्रकाशक सॅम्युअल बॅगस्टर यांजकडे पाठविले. बॅगस्टर यांनी छापलेल्या बायबलातील असंख्य संदर्भ पिटमन यांनी एक पैही न घेता तपासून दिले होते, त्यामुळे दोघांचा स्नेह होता. पण बॅगस्टर यांनी ते हस्तलिखित एका जाणकाराला दाखविले, आणि त्याचा अभिप्राय असा पडला की, टेलरची पद्धत बाजारात आहेच. लेखकाने स्वतःचे काही नवीन केल्यास पुस्तकाला अर्थ राहील. दुसरा एखादा खट्टू होऊन बसला असता. पिटमन यांनी काही महिन्यांत अगदी नवी पद्धत उभी केली, आणि १५ नोव्हेंबर १८३७ रोजी चार पेन्स किमतीची ती पुस्तिका बाहेर पडली. त्या वर्षी व्हिक्टोरिया राणी गादीवर आली होती, आणि पिटमन चोवीस वर्षांचे होते.

यापूर्वीच्या लघुलिपी बहुतांशी रूढ इंग्रजी अक्षरांच्या आधारानेच चालत. चार्ल्स डिकन्सने आपल्या तरुणपणी गर्नी यांची पद्धत शिकताना किती हाल सोसले, ते त्याच्या डेव्हिड कॉपरफील्ड या कादंबरीवरून सर्वांना माहीत आहे. पिटमन यांनी अक्षराला रजा दिली आणि ध्वनीला हाताशी धरले. कानावर पडेल तेवढेच लिहावयाचे, हा त्यांचा नियम. रात्र या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि सरदार या अर्थाचा इंग्रजी शब्द यांचा उच्चार एकच आहे. तेव्हा त्यांच्या लिपीत दोहोंची चिन्हेही एकच. सरदाराच्या डोक्यावरचा 'के' आणि दोघांच्या पोटातले 'जी' व 'एच' कायमचे नाहीसे झाले.

या लिपीची रचना पाहून देवनागरी शिकलेल्या माणसाला तर आपल्या घरीच आल्यासारखे वाटते. पिटमन यांनी व्यंजने जोडीजोडीने घेतली. प आणि ब या दोन ध्वनींसाठी तोंडाची ठेवण एकच असते. फक्त ब म्हणताना कंठात नाद उमटतो. म्हणून दोहोंना एकाच तिरप्याची रेघ दिली; प साठी बारीक, ब साठी जाड. ट आणि ड, च आणि ज, क आणि ग यांचेही तसेच. ही अघोष-घोष जोडी आपल्या वर्णमालेच्या प्रत्येक वर्गात पहिल्या व तिसऱ्या जागी बसलेली आहे, हे विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे. आणखी एक मौज पाहा. आपली वर्णमाला कंठापासून निघून ओठांशी येऊन थांबते. पिटमन यांच्या स्पर्श व्यंजनांची यादी ओठांपासून निघते आणि कंठाकडे जाते. रस्ता एकच, प्रवासाची दिशा तेवढी उलट. आमच्या प्राचीन वैयाकरणांनी आणि या इंग्रज मास्तरांनी एकाच पुस्तकावरून अभ्यास केला होता, आणि ते पुस्तक म्हणजे माणसाचे तोंड.

स्वरांसाठी त्यांनी टिंबे व लहान रेघा योजिल्या. व्यंजनाच्या रेषेच्या आरंभाशी, मध्याशी की शेवटाशी चिन्ह आहे यावरून स्वर ओळखावयाचा. चिन्ह ठसठशीत असेल तर दीर्घ, बारीक असेल तर ऱ्हस्व. रेषेची जाडी कमीजास्त करता यावी म्हणून लघुलेखक लवचीक निबाचे पेन किंवा मऊ पेन्सिल जपून ठेवीत. हात बसल्यावर स्वर बहुधा गाळले जातात आणि नुसत्या व्यंजनांवर वाक्ये धावू लागतात. पुढे या पद्धतीत 'स्टर' या ध्वनिसमूहासाठी रेषेच्या टोकाला एक मोठे वेटोळे आले. अर्थात ज्या ग्लॉस्टर-लेस्टरांनी आपल्याला आरंभी इतके छळले, त्यांचे सारे शेपूट पिटमन यांच्या लेखणीखाली मनगटाच्या एका वळशात संपते. गाव जसे बोलते तसे त्याचे नाव कागदावर उतरते.

१८३९ साली पिटमन बाथ या शहरी राहावयास गेले, आणि तेच त्यांचे कायमचे कार्यक्षेत्र झाले. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात एका पेनीत देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात पत्र पोचविण्याची टपालपद्धत सुरू झाली. या सुधारणेचा अर्थ पिटमन यांच्याइतका चटकन फार थोड्यांना उमजला असेल. आपली सगळी पद्धत त्यांनी एका पानावर कोरवून घेतली, त्याची किंमत एक पेनी ठेविली, आणि ती पाने गावोगावच्या शाळामास्तरांकडे टपालाने रवाना केली. शिकणाऱ्याने बायबलातील वचने लघुलिपीत उतरवून पाठवावीत, आणि तपासून ती त्याला विनामूल्य परत मिळावीत, अशी व्यवस्था होती. आज ज्याला आपण पत्रद्वारा शिक्षण म्हणतो त्याच्या आरंभीच्या उदाहरणांत या उपक्रमाची गणना होते. त्यांचे भाऊही या प्रचारात उतरले. जेकब हा १८३८ सालीच पुस्तिकेच्या प्रती बरोबर घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला होता. जोसेफ गावोगाव व्याख्याने देत फिरला. बेंजामिन, ज्याला सारे बेन म्हणत, तो अमेरिकेत सिनसिनाटीला स्थायिक झाला.

लघुलिपीची भरभराट होऊ लागली होती. वृत्तपत्रांचे बातमीदार, वकिलांचे लेखनिक, व्यापाऱ्यांचे कारकून तिच्याभोवती जमले. पिटमन इथेच थांबते तर सुखी झाले असते. पण त्यांच्या मनात निराळेच होते. कानाप्रमाणे लिहिण्याची सोय केवळ बातमीदाराला का? प्रत्येक मुलाला का नको? छापील इंग्रजीच ध्वनीप्रमाणे झाली, तर ट्रोब्रिजच्या विणकऱ्याच्या मुलाला दोन हजार शब्दांची वही करावी लागणार नाही. या विचाराने त्यांना झपाटले. १८४३ च्या सुमारास अलेक्झांडर जॉन एलिस या केंब्रिजमध्ये शिकलेल्या गणितज्ञाशी त्यांचा संबंध जुळला. एलिस विद्वान, संपन्न आणि पिटमन यांच्याइतकाच ध्येयवेडा होता. दोघांनी मिळून नवी अक्षरे बनविली, त्यांचे खिळे पाडले, आणि १८४७ साली एक वर्णमाला निश्चित केली. १८४९ मध्ये एलिसने नव्या वर्णांत छापलेले एक वृत्तपत्रच लंडनला काढले. ते थोडेच दिवस जगले. पैसा बुडाला, प्रकृती ढासळली, आणि एलिस त्या धडाडीच्या प्रचारातून मागे झाला. जुन्या इंग्रजी उच्चारांच्या शास्त्रीय अभ्यासात त्याने पुढे मोठे नाव मिळविले.

पिटमन मागे झाले नाहीत. बाथमधील त्यांच्या फोनेटिक इन्स्टिट्यूटमध्ये लघुलिपीची पुस्तके छापली जात, विकली जात, आणि त्यावर मिळालेला पैसा नव्या अक्षरांच्या खिळ्यांवर आणि प्रचारपत्रांवर खर्च होई. त्यांच्या फोनेटिक जर्नल या पत्राची काही पाने सुधारलेल्या वर्णांत निघत. ते पहाटे उठत, उभे आयुष्य कामात घालवीत, आणि स्वतःची सहीसुद्धा सुधारलेल्या पद्धतीने करीत; आयझॅक या नावातील 'एस'च्या जागी 'झेड' आणि 'सी'च्या जागी 'के' आला, आणि दोहोंपैकी एक 'ए' निरुपयोगी म्हणून गळाला. ऋग्वेदाचे संपादन करणारे ऑक्सफर्डचे पंडित मॅक्समुल्लर यांनी १८७६ साली लेख लिहून या चळवळीला जाहीर पाठिंबा दिला. तथापि जनता जागची हलली नाही.

ती का हलली नाही, याचा विचार करणे अगत्याचे आहे. पहिली अडचण अशी की, ध्वनीप्रमाणे लिहावयाचे, पण ध्वनी कोणाचा? ज्या शहरी पिटमन राहत त्याचेच उदाहरण घ्या. दक्षिणेचा सुशिक्षित माणूस त्याला लांब 'आ' लावून बाथ म्हणतो, तर उत्तरेकडचा बॅथ. स्कॉटलंडचा माणूस ज्या 'र'चा खणखणीत उच्चार करतो तो लंडनचा माणूस गिळून टाकतो. जुने लेखन कोणाच्याच तोंडाशी जुळत नाही, आणि म्हणूनच ते सर्वांना सारखेच परके व सारखेच आपले वाटते. दुसरे असे की, ज्यांनी मोठ्या कष्टाने ते लेखन हस्तगत केले, त्यांना ते टाकून देण्यात स्वारस्य नव्हते. आणि निर्णय घेण्याचा अधिकार तर त्यांच्याच हाती होता.

तिसरे कारण खुद्द पिटमन यांच्या स्वभावात होते. समाधान ही वस्तू त्यांना ठाऊक नव्हती. आज ठरविलेले अक्षर उद्या त्यांना अपुरे वाटे आणि परवा त्याचा नवा खिळा पाडला जाई. लघुलिपीतही हेच. १८५७ च्या सुमारास त्यांनी स्वरचिन्हांचा क्रमच उलटा केला. पहिल्या जागेचे स्वर तिसऱ्या जागी नेले आणि तिसऱ्याचे पहिल्या. शास्त्रदृष्ट्या त्यात काही लाभ असेलही. पण ज्यांनी वर्षानुवर्षे खपून बोटे तयार केली होती, त्यांच्यावर तो घालाच होता. अमेरिकेत बेनने हा बदल मान्य करण्याचे साफ नाकारले आणि जुनाच क्रम चालू ठेविला. ज्या भावाने महासागरापलीकडे आयझॅकची लिपी नेली, आणि १८६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या खुनाच्या कटाच्या खटल्याचा वृत्तान्त नोंदविण्याचे काम जिच्या बळावर पार पाडले, त्याच्याच पुस्तकांतील लिपी आयझॅकच्या लिपीहून वेगळी पडली. जुन्या लेखनपद्धतीला चिकटून बसलेल्या जगाला आयुष्यभर बोल लावणाऱ्या पिटमन यांना, आपल्याच अनुयायांचे जुन्याला चिकटणे मात्र समजले नाही असे दिसते. आम्हांस त्यांच्याविषयी आदर आहे. पण या एका बाबतीत बेनचेच आम्हांस अधिक पटते.

इकडे लघुलिपी मात्र जगभर पसरत गेली. १८८७ साली तिच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त लंडन येथे लघुलेखकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली व पिटमन यांचा मोठा गौरव झाला. १८९४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांना सर हा किताब दिला. आपल्या देशात तर पिटमन हे नाव म्हणजे पोटापाण्याच्या विद्येचे नाव झाले. सरकारी कचेऱ्या, न्यायालये, गिरण्या आणि पेढ्या यांत स्टेनो म्हणून लागलेल्या कितीतरी मराठी तरुणांनी, आणि पुढे तरुणींनीही, एखाद्या माडीवरच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासात ही बारीक-जाड रेघांची विद्या गिरविली आणि घर चालविले. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या पेटीत तसल्या वह्या अजून सापडतील.

इंग्रजी लेखनाचा फटका आपल्या गावांनाही बसलेला आहे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या बडोद्याचेच पाहा. इंग्रजांच्या कानाला आपला 'ड' नीट पकडता आला नाही. त्यांनी त्याच्या जागी 'आर' लिहिला, आणि 'द' साठी 'डी'. पुण्याजवळच्या खडकीतही 'ड'चा असाच 'आर' झाला आणि गाव किरकी बनले. मुंबईतील शीव, म्हणजे गावाची सीमा, तिला इंग्रजीत असे काही लिहिले की, वाचणाऱ्याने तिला सायन म्हणावे, आणि आता रेल्वेचे उतारूही तेच म्हणतात. १९७४ मध्ये आपल्या शहराचे अधिकृत नाव वडोदरा असे झाले. पण १९०८ साली स्थापन झालेल्या येथील बँकेच्या आणि सयाजीराव महाराजांच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावांत तो जुना 'आर' तसाच ठाण मांडून आहे. आपली लिपीही सर्वस्वी निर्दोष नाही. चहातला च आणि चमच्यातला पहिला च आपण एकाच अक्षराने लिहितो. परभाषिक शिकाऊ मनुष्य तेथे आपल्याही नावाने बोटे मोडीत असेल.

सर आयझॅक पिटमन यांचा जानेवारी १८९७ मध्ये बाथ येथे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंत झाला. पहिली पत्नी १८५७ साली वारल्यावर १८६१ मध्ये त्यांनी इझाबेला मास्टर्स यांच्याशी विवाह केला होता. आल्फ्रेड आणि अर्नेस्ट या दोन मुलांनी धंद्याचा व्याप पुढे सांभाळला. त्या काळी इंग्लंडात प्रेताला अग्नी देण्याची चाल नवीच सुरू झालेली होती. पिटमन यांचा देह वोकिंग येथे नेऊन दहन करण्यात आला. बाथच्या प्राचीन ॲबीत त्यांच्या स्मरणार्थ शिलालेख बसविलेला आहे.

त्यांची अपुरी इच्छा त्यांच्या नातवाने पुन्हा एकदा हाती घेतली. बाथचे पार्लमेंटातील प्रतिनिधी असलेले जेम्स पिटमन यांनी लहान मुलांना वाचन शिकविण्यासाठी चाळीसहून अधिक चिन्हांची एक वर्णमाला तयार केली, आणि १९६१ पासून इंग्लंडातील काही शाळांत ती वापरण्यात आली. जॉर्ज बर्नार्ड शॉ, जो आपली नाटके पिटमनच्याच लघुलिपीत लिही, त्याने १९५० मध्ये मरताना नव्या इंग्रजी वर्णमालेसाठी पैसा ठेविला होता. कोर्टकचेऱ्या होऊन त्यातून निर्माण झालेल्या लिपीत १९६२ साली त्याचे एक नाटक छापून निघाले, त्यातही जेम्स पिटमन यांचा हात होता. शाळांतील मुले नव्या वर्णमालेत भराभर वाचू लागली खरी. पण दोन-तीन वर्षांनी त्यांना ती सोडून रूढ इंग्रजी अक्षरांकडे यावेच लागे, आणि कित्येकांची शुद्धलेखनाशी पडलेली गाठ तेथून सुटेना. १९७० नंतरच्या दशकात तो प्रयोग हळूहळू बंद पडला.

बाथहून थोड्याच अंतरावर एक जुने गाव आहे. स्टेशनच्या पाटीवरची अक्षरे जुळविली तर ते फ्रोम होते; उतारू मात्र फ्रूमला उतरतात.